लांबच्या पाण्यातल्या तांबोशीची हकिकत

श्रीसमुद्र साक्ष. जे पाणी कोणास मोजवले नाही त्यास नमन करून, आणि ज्यांनी ते मोजावयास घेतले त्यांची क्षमा मागून, हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघमास.

ते समयी राज्यात दोन सत्ता नांदत होत्या. एक थोरले सरकार, त्यांची राजधानी डोंगरापलीकडे, जेथून समुद्र दिसत नाही. आणि दुसरा किनारसुभा, ज्याच्या कचेरीच्या पायरीस भरतीचे पाणी लागे. किनाऱ्यापासून तीन कोसांवर एक लाल पिंप साखळीने बांधून तरंगत ठेविले होते. पिंपाच्या अलीकडे जवळचे पाणी, ते सुभ्याचे. पलीकडे लांबचे पाणी, ते सरकारचे. मासा मात्र दोहींकडे फिरे, आणि त्यास हे कोणी कळविले नव्हते. जे लोक विकण्यासाठी नव्हे, हौसेने आणि घरी खाण्यापुरते गरी, म्हणजे गळ, टाकून गरवावयास जात, त्यांजकरिता दोन्ही सत्तांनी आपापले हुकूम काढिले की मासे किती घ्यावे, केवढ्या लांबीचे घ्यावे आणि कोणत्या दिवसांत घ्यावे. सरकारने म्हटले, तांबोशी माणशी दोन. सुभ्यानेही म्हटले दोन. मग हौशी मंडळींनी तर्क केला की इकडचे दोन आणि तिकडचे दोन मिळून चार होतात, आणि चार चार घेऊन धक्क्यास लागले, आणि नाकेदाराने विचारिता दोन इकडे नि दोन तिकडे बोट करून दाखविले. मग मोजदादीचा घोळ जाहला. सुभा धक्क्यावर माणूस उभा करून टोपल्या मोजी. सरकार घरोघर पत्रे धाडून विचारी की आपण यंदा किती मासे धरिले, आणि डोंगराकडची माणसे, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, तीही सरकारचा मान राहावा म्हणून 'दोन' असे लिहून पाठवीत. दोहोंचे आकडे जुळेनात, म्हणून हंगामही जुळेनात, आणि एक पाणी उघडे असता दुसरे बंद असे होऊ लागले.

तेव्हा सुभ्याच्या दप्तरी अनंतराव पागधरे म्हणून कारकून होते. सुभेदारांनी त्यांस आज्ञा केली की या सगळ्या पळवाटा एका ओळीत बुजवाव्या. अनंतराव दुपारभर बसले आणि त्यांनी लिहिले की जो हुकूम कठोर तोच चालेल, आणि मासा कोठे धरला हे विचारू नये, कोठे सापडला एवढेच पाहावे. सुभेदार संतोष पावले, ओळीवर शिक्का जाहला. सांजेस अनंतराव घरी येऊन जेवावयास बसले आणि पहिला घास हाती घेऊन थांबले, आणि कन्येस म्हणाले, "केशर, मी घरची वाट लिहायला विसरलो." कारण लांबचे पाणी उघडे आणि जवळचे बंद असेल, तर पलीकडे रीतसर धरलेला मासा पिंप ओलांडताच चोरीचा होई, आणि घर तर सर्वांचे पिंपाच्या अलीकडे. मग त्यांनी अर्ज केला की गरी गुंडाळून, वाटेत न थांबता घरी जाणाऱ्यास मासा नेऊ द्यावा, एवढी एक ओळ वाढवावी. सुभ्याचे उत्तर आले की मासा सरकारच्या पाण्यातला, त्यांस विचारा. सरकारचे उत्तर आले की वाट सुभ्याच्या पाण्यातली, त्यांस विचारा. अनंतरावांनी चाकरी संपेतो दरसाल एक, असे अकरा अर्ज केले, आणि मग थकले. आपण मात्र ती ओळ कधी मोडली नाही. जवळचे पाणी बंद नि लांबचे उघडे असे त्या दिवसांत लांबच्या पाण्यात जात, तांबोशी लागली तर काठीने मोजीत, अंमळ पाहत बसत, आणि पिंपाशी येऊन सोडून देत.

या साली पौषात त्यांनी अंथरूण धरिले. अन्न तुटले, आणि वासना एका तांबोशीच्या कालवणावर राहिली. दोन्ही पाणी बंद होते. शेजारी म्हणाला की गुपचूप आणून देतो. तर अनंतरावांनी हात हलवून नको म्हटले. मग केशरने सांगितले, "उघडलं की मीच आणीन, बाबा." ते म्हणाले, "कुठलं उघडतंय ते बघ आधी." एवढे बोलून हसले, आणि त्यापुढे फारसे बोलले नाहीत. माघाच्या आरंभी वारले. तेरावे जाहले त्याच दिवशी दवंडी आली की सरकारचे लांबचे पाणी उघडले. सुभ्याच्या वाट्याचे यंदाचे मासे मात्र धरून संपले असे सुभ्याच्या मोजदादीत निघाले, सबब जवळचे पाणी बंदच.

आता त्या किनाऱ्याची रीत ऐसी की तेराव्यानंतर घरात तिखट करावे, म्हणजे मासळी शिजवावी, पहिले पान गेल्या माणसाचे वाढावे, मग सर्वांनी जेवावे, तेव्हा दुखवटा उठतो. अनंतरावांची वडील बहीण चंद्राआत्या घरी होती. तिने सांगितले की माझा भाऊ ज्यावर जीव ठेवून गेला तेच त्याच्या पानावर पडेल, नाहीतर या घरात वर्षभर वरणभात शिजेल. पहाटे केशर बापाची होडी काढून एकटीच निघाली आणि पिंप मागे टाकून त्यांच्या नेहमीच्या जागी गरी सोडून बसली. पहिली लागली ती आखूड भरली, ती सोडिली. दुसरी बापाच्या काठीस पुरून चार बोटे वर उरली. तेवढी एक ठेवून तिने गरी गुंडाळिली आणि परत फिरली.

पिंपाशी नाकेदाराची होडी उभी होती. नाकेदार सदाशिव करगुटकर, नऊ वर्षे अनंतरावांच्या हाताखाली नकला करून वर चढलेला. त्याने टोपली पाहिली आणि नजर काढून घेतली.

"केशरताई, सकाळपासून माझी मान धरली आहे," तो म्हणाला. "मी जरा तिकडे तोंड करून बसतो. तू जा."

"तुझी मान धरते हे बाबांना ठाऊक असतं तर अकरा अर्ज लिहायचे तरी वाचले असते."

"त्यांतले नऊ माझ्याच हातचे आहेत."

"मग तूच सांग, दादा. जिवंतपणी नको म्हणाले ते मेल्यावर त्यांच्या पानावर कसं वाढू?"

दोन्ही होड्या पिंपाच्या दोन बाजूंस डुलत राहिल्या, आणि तांबोशी टोपलीत शेपूट आपटीत होती. केशरने टोपली दोरीने बांधून पलीकडच्या पाण्यात सोडिली आणि पुष्कळ वेळ तिजकडे पाहत बसली. मग म्हणाली की मासा घरी येत नसेल, तर घर इकडे आणता येईल का. सदाशिव शीड फिरवून किनाऱ्याकडे गेला, आणि दोन प्रहर टळल्यावर स्टोव्ह, तपेली, तांदूळ, वाटलेले खोबरे आणि चंद्राआत्या यांस घेऊन आला. आत्या वाटेत दोनदा ओकली होती. होडी बदलताना म्हणाली, "मेला तरी अनंताने दप्तर सोडलं नाही," आणि मग डोळे पुसून तांबोशी चिरावयास बसली. तिरफळे आणि आमसूल घालून कालवण जाहले, भात जाहला. केशरने पहिले पान वाढिले आणि बाजूस ठेविले. मग आत्याने सदाशिवास जेवावयास बोलाविले. तो आपल्या होडीतून म्हणाला की या बाजूस मी नाकेदार आहे, घास हाती धरला की मीच सापडलो.

"मग नाकेदार तिकडे ठेव आणि तू ये," आत्या म्हणाली.

तेव्हा सदाशिवाने खांद्यावरचा सुभ्याचा पट्टा उतरवून आपल्या होडीत ठेविला, होडी पिंपास बांधिली, आणि पलीकडे उतरून मांडी घालून बसला.

आत्या कावळा पाहू लागली, पण तीन कोसांवर कावळा कोठून यावा. मग केशरने बापाचे पान हलकेच पाण्यावर ठेविले. भरती लागली होती. पान थोडे फिरले, पिंपाच्या साखळीस जाऊन टेकले, तेथे अंमळ थांबले, आणि मग सुटून जवळच्या पाण्यात शिरले, आणि भातावरची तांबोशीची तुकडी घेऊन किनाऱ्याच्या वाटेस लागले.

"नाकेदार," आत्या म्हणाली, "बंद पाण्यात मासा चालला. धरा त्याला."

"मी जेवतो आहे, आत्या," सदाशिव म्हणाला. मग केशरने घास घेतला.

इत्यर्थ इतकाच की दोन सत्ता, दोन हंगाम आणि दोन मोजदादी होत्या, आणि मासा एकच होता. त्या तिथीस नाक्याच्या वहीत 'काही सापडले नाही' ऐसे नोंदले आहे. बारावा अर्ज केशर पागधरे हिच्या अक्षरात दोन्हीकडे रवाना जाहला. उत्तर हे लिहीपर्यंत आले नाही. येथे लेखणी ठेविली.