वसाहतीत म्हातारे फार झाले

कॉम्प्युटर काढून ठेवण्याआधी तो चालू होतोय का, एवढंच मला बघायचं होतं. (हे वाक्य मी बायकोला अनेकदा ऐकवलंय. तिचा विश्वास बसलेला नाही. तुमचाही बसू नये.)

त्या दिवशी सासरे आमच्याकडे राहायला यायचे होते. म्हणजे राहायला नव्हे, "चार दिवस बघायला". सासूबाई गेल्यापासून ते एकटेच होते आणि बायको वर्षभर त्यांच्या मागे लागली होती. त्यांचं आपलं एकच, "तुमचा राजाराणीचा संसार, त्यात माझी अडचण कशाला?" शेवटी एकदाचे तयार झाले. बायको त्यांना आणायला स्टँडवर निघाली आणि जाताना बजावून गेली, "अहो, मागची खोली रिकामी करा. पलंग जोडा. आपली अडचण होतेय असं त्यांना जरा जरी वाटलं ना, तर उद्याच्या गाडीनं परत जातील. मग पुन्हा यायचे नाहीत." शेवटचं बोलताना तिचा आवाज कापरा झाला होता.

मागच्या खोलीत माझा जुना कॉम्प्युटर. तो चालू झाला. मग सीडी चालते का हे बघणं ओघानंच आलं.

सीडी साडूची, म्हणजे धाकट्या मेव्हणीच्या नवऱ्याची. आम्ही दोघेही वसाहती उभारायच्या जुन्या खेळांचे भक्त. हल्लीच्या गेमबद्दल मला बोलायलाच लावू नका! नुसता झगमगाट. झाडाचं पानन्‌पान हलतं, खेळणाऱ्याची अक्कल मात्र जागची हलत नाही. आमच्या वेळचा वसाहतकरी म्हणजे पडद्यावरचे तीन ठिपके. चौथा ठिपका दिसला की ती कुऱ्हाड, म्हणजे तो लाकूडतोड्या. पण त्या तीन ठिपक्यांना भूक लागायची, थंडी वाजायची आणि सरपण संपलं की ते मरायचे. याला म्हणतात खेळ! हा झाला माझा, बर्फातल्या खोऱ्याचा. साडूचा खेळ बेटावरचा. तिथे कोणी मरत नाही. मसाले मिळाले नाहीत की लोक लाल होतात आणि रुसून बसतात. रुसलेली माणसं बघायला मला कॉम्प्युटर कशाला हवा? मी परवाना खात्यात कारकून आहे.

मी साडूला फोन लावला. "तुझं बेट उघडलंय. पोरखेळ आहे नुसता."

"आणि तुझं खोरं? रडगाणं!" तो उखडला. "तुझी सीडी आहे माझ्याकडे. आत्ता लावतो."

"लाव. बघू किती तग धरतोस."

मी फोनचे हेडफोन कानात खुपसले. पलंगाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

साडूनं अपेक्षेप्रमाणे माती खाल्ली. पहिल्याच हिवाळ्यात कोठार रिकामं, सरपण खलास, आणि हे महाशय घरं बांधत सुटलेले. (बँकेत कर्ज मंजूर करतो. देव त्या बँकेचं भलं करो.)

"आता काय करू?" तो रडकुंडीला आला.

"म्हातारे किती आहेत?"

"बरेच आहेत रे."

"मग तेच तर! म्हातारे काम करत नाहीत, नुसते खातात. त्यांना घर अजिबात देऊ नकोस."

"अरे, पण थंडीत—"

"काढू देत थंडी बाहेर. एका हिवाळ्यात आपोआप कमी होतात. मी नेहमी असंच करतो. पहिल्यांदा जरा वाईट वाटतं, मग सवय होते."

बोलता बोलता मी खुर्ची वळवली. दारात बॅग घेऊन सासरे उभे होते. त्यांच्या मागे बायको, चेहरा पांढराफटक.

"बाबा! या, या! कधी आलात?"

"म्हातारे नुसते खातात, तेव्हा," सासरे म्हणाले.

"ते तुमच्याबद्दल नव्हतं हो! दुसरे म्हातारे होते."

"तुमच्या ओळखीचे?"

"छे! खोऱ्यातले."

"आणि हे सांगत कोणाला होतात?"

"धाकट्या जावयांना."

"म्हणजे दोघांनी मिळून ठरवलंय," सासरे हळूच म्हणाले.

"अहो, त्यालाच विचारा ना!" असं म्हणून मी हेडफोन उपटले आणि फोनचा स्पीकर लावला. (याला म्हणतात प्रसंगावधान.) साडूचा आवाज खोलीभर दणाणला, "चौघं गेले! धान्य उरायला लागलंय! काय भारी आयडिया दिलीस रे!"

बायको रडायलाच लागली. सासऱ्यांनी खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना पडद्यासमोर आणून उभं केलं. "बाबा, खेळ आहे हो हा! नुसता खेळ! आईशप्पथ!"

त्यांनी चष्मा लावला. पडद्याकडे पाहिलं. फळ्यांकडे पाहिलं. जमिनीवर पसरलेल्या स्क्रूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ही माणसं लाल का झालीत?"

"रुसलीत. मसाले नाहीत."

"आणि पलंग?"

"जोडणारच होतो."

"वय काय तुमचं?"

मी सांगितलं. (तुम्हाला सांगत नाही.)

सासऱ्यांनी बॅग कोपऱ्यात ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि खाली बसून स्क्रू गोळा करायला लागले.

"बाबा," बायकोनं भीतभीत विचारलं, "म्हणजे थांबताय ना चार दिवस?"

"चार दिवस कसले? कायमचा राहतोय," सासरे गरजले. "मला वाटत होतं, दोघं सुखानं नांदताय, आपली अडचण कशाला. इथे तू एकटी मूल वाढवतेयस! आधी सांगायचं नाही का?"

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. निदान तोंडदेखलं तरी 'असं काय बोलता, बाबा' म्हणेल, असं वाटलं होतं.

तिनं डोळे पुसले. "वर्षभर तोच तर विचार करत होते, बाबा," ती म्हणाली. "फोनवर कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं."