चपला वाचणारे देवरावजी

माझ्या डाव्या नडगीचं दुखणं माझ्याच हावरेपणानं ओढवलं होतं, आणि पूर्ण एक वर्ष मी ते दुसऱ्याच्या नावावर खपवलं. त्या दुसऱ्याचं नाव देवरावजी धकाते. पुढे मी त्यांची माफी मागितली. तरी अजून कुणी देवरावजींचं नाव काढलं की मी मान खाली घालतो आणि पहिल्यांदा स्वतःच्या चपला पाहतो. ती सवय त्यांचीच.

देवरावजी माणसाचं तोंड शेवटी पाहत. आधी चपला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका दुकानात गिऱ्हाइकांपुढे लुगडी उलगडायचं काम करत असे. आमच्याकडे रीत अशी की गिऱ्हाइकानं चपला खाली काढायच्या आणि पांढऱ्या चादरीच्या गादीवर येऊन बसायचं. देवरावजी हातमागावर लुगडी विणत. दर सोमवारी खांद्यावर गठ्ठा घेऊन येत, तो गादीच्या कडेला ठेवत आणि चपलांच्या ढिगापुढे उकिडवे बसत. एकेक चप्पल उलटी करून, डोळ्यांजवळ नेऊन, पोथी वाचावी तशी वाचत.

एकदा भिवापूरचे एक मिरचीचे व्यापारी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले होते. खालून आवाज आला, "हे चप्पल कोनाची हाये गा?" व्यापारी दचकून म्हणाले, माझी. "उजवी टाच बाहेरून झिजली. गुडघा दुखते ना जिना चढताना?" व्यापाऱ्यांच्या हातातलं लुगडं गळून पडलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे त्यांनी. देवरावजींनी त्यांना टाचेखाली चामड्याचा तुकडा लावायला सांगितला, आणि व्यापाऱ्यांनी भारावून दोन लुगडी जास्त घेतली. तेव्हापासून आमचे शेठजी देवरावजींना चपला हाताळू देत. एरवी त्यांनी कुणाला गादीचा कोपराही हाताळू दिला नसता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी शहराबाहेरच्या वाडीतल्या गोदामांपासून गांधीबागेपर्यंत धावायची शर्यत असे. वाडीकडून ट्रकांवर माल चढवणारे हमाल, आमच्याकडून दुकानांतले नोकर. पहिला येईल त्याच्या बाजूला वर्षभर पाणी भरायचा एक मोठा पितळी गुंड मिळे. तो गुंड कित्येक वर्षं वाडीतच होता. वाडीवाले त्यात पाणी भरून ठेवत आणि येणाऱ्या ट्रकवाल्याला सांगत, "पी बाप्पा, पोटभर पी. गांधीबागेची इज्जत हाये ह्यात."

आमची धावणारी पोरं दरवर्षी शर्यतीआधीच मोडायची. कुणाची पोटरी धरायची, कुणाची टाच. देवरावजींनी एक दिवस शेठजींपुढे कारण मांडलं. हे लोक दिवसभर मांडी घालून बसतात आणि संध्याकाळी उठल्याबरोबर घोड्यासारखे सुटतात. कांजीची खळ न लावता ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवला तर तटातट तुटणारच. शेठजींना पाय समजत नव्हते, पण ताणा समजत होता. त्यांनी देवरावजींना शाळेच्या मैदानावर पोरांचे मास्तर नेमलं.

मास्तरांनी पहिले आठ दिवस आम्हाला नुसतं चालवलं. लोक हसले. मग थोडं धावणं, पुन्हा चालणं. आठवड्यातून एक दिवस मैदान बंद, कारण मागालाही विसावा लागतो. आज जेवढं धावलात त्याच्यापुढे पुढच्या आठवड्यात वीतभरच जायचं. डांबर सोडून कडेच्या मातीवरून धावायचं. दुखलं की थांबायचं. "धागा तुटाच्या आधी बोलते," ते म्हणत. "ज्याले ऐकू येत नाही त्यानं इणू नये आन् धावू बी नये." आणि नव्या बुटांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "नवा बूट आन् नवा जावई, दोघांले बी महिनाभर घरीच वागवा. एकदम बाहेर काहाडले का चावतेत."

धावून झालं की पोरं मुरमावर बसत आणि देवरावजी एकेकाचा पाय मांडीवर घेऊन जवसाच्या तेलानं पोटरी चोळत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी माग दोन आणि माणूस एक. पण मैदानावर त्यांचं तोंड क्षणभर थांबत नसे.

मी सगळ्यांत वेगवान होतो आणि मला ते माहीत होतं. चूक इथंच झाली. शर्यतीला दोन आठवडे उरले असताना वाडीकडून धावणारा हमाल बळीराम लुगडं घ्यायच्या निमित्तानं दुकानात आला आणि जाताना मला म्हणाला, "वसंता, तुमचे मास्तर तुमाले चालाले शिकवून राहिले म्हणते? रांगाले कवा शिकवतेत?" सगळं दुकान हसलं. मी त्याच दिवशी कडक तळाचे नवे बूट घेतले, मैदान सोडलं आणि रोज संध्याकाळी अमरावती रोडच्या डांबरावर एकटाच दुप्पट धावू लागलो. देवरावजींना निरोप पाठवला की मामा आजारी आहेत. मामा ठणठणीत होते. चौथ्या दिवशी नडगी बोलू लागली. मी ऐकलं नाही.

शर्यतीत अर्ध्या वाटेवर नडगीत कळ आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. बळीराम माझ्याकडे बघत, हात हलवत पुढे गेला. मला रिक्षात घालून दुकानात आणलं. बूट खाली काढून गादीवर लोडाला टेकवून बसवलं. भोवती सगळी गांधीबाग. काय झालं, कसं झालं, विचारून राहिले सगळे. आणि माझ्या तोंडून निघालं, "देवरावजींनी दोन आठवड्यांपूर्वी तेल लावताना नस दाबली. तेव्हापासून दुखतं."

देवरावजी तिथंच होते. खाली, गादीच्या कडेला, माझा बूट हातात उलटा धरून. त्यांनी तळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही बूट नीट जोडीनं ठेवले आणि गेले.

शेठजींनी देवरावजींना मैदानाची बंदी केली. लुगडी द्यायची आणि जायचं. त्याहून वाईट म्हणजे, सोमवारी देवरावजी दिसले की दुकानातले लोक आपल्या चपला उचलून गादीखाली सरकवू लागले. हात लागला तर पाय जाईल म्हणून. देवरावजी मोकळ्या जागेकडे क्षणभर बघत, गठ्ठा सोडत, मोजून देत आणि निघत. मी वर बसून लुगड्याच्या घड्या घालत असे. एका घडीला मी तीनतीनदा हात लावत असे, पण तोंड उघडलं नाही.

नडगी बरी होईना, कारण मी आठ दिवस थांबे आणि पुन्हा धावे. एका सोमवारी माझी चप्पल चुकून बाहेर राहिली. देवरावजी तिच्यापुढे बसले आणि माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाले, "तुया मालकाले सांग, महिनाभर फकत चाल. मंग मातीवर, जुन्या बुटात. वीत-वीतभर."

मी महिनाभर चाललो. मग मातीवर, जुन्या बुटात, वीत-वीतभर. शाळेच्या मैदानावर बाकीच्या पोरांकडूनही तेच करून घेतलं. हे कुणाचं आहे ते सांगितलं नाही. त्या वर्षी शर्यतीच्या दिवशी आमचा एकही गडी लंगडत नव्हता. बळीरामला मात्र त्याच्या मालकानं त्याच सकाळी चकचकीत नवे बूट भेट दिले होते आणि मालकाच्या देखत ते न घालण्याची त्याची हिंमत नव्हती. अर्ध्या वाटेवर मी त्याला गाठलं तेव्हा तो बूट हातात घेऊन पळत होता. "काय पाह्यतं बे, धाव ना," तो मला म्हणाला. मी धावलो. नडगी गप्प होती. गांधीबागेत शिरलो तेव्हा दुकानदार थान फडकावत रस्त्यावर आले होते, आणि शेठजी, जे कधी गादीवरून उतरत नसत, ते अनवाणी नाचत होते. गुंड आमच्या गादीवर आला. त्या दिवशी गांधीबागेनं त्यातून इतकं सरबत प्यायलं की संध्याकाळी दुकानात माप कुणालाच नीट घेता येईना.

दुसरा दिवस सोमवार. दुकानात पेढे वाटणं चालू होतं. देवरावजी गठ्ठा घेऊन आले. सवयीप्रमाणे सगळ्यांच्या चपला गादीखाली गेल्या. खाली एकच जोड उरला, त्यांचा स्वतःचा. शेठजींनी पेढा द्यायला त्यांना कडेशी बोलावलं, आणि मी काय वाटून कोण जाणे खाली उतरलो, उकिडवा बसलो आणि त्यांची चप्पल उलटी केली.

तळाच्या भेगांत लाल मुरूम बसला होता. ताजा आणि त्याखाली जुना, घट्ट. देवरावजींच्या घरापासून दुकानापर्यंत सगळी डांबराची सडक होती. मुरूम फक्त शाळेच्या मैदानावर होता. बंदी असलेल्या मैदानावर हा माणूस वर्षभर कुठल्यातरी झाडाआड उभा राहून आमचे पाय पाहत होता.

मी चप्पल हातात धरूनच बोललो. "शेठजी, गेल्या वर्षी देवरावजींनी माझी नस दाबलीच नव्हती. मी त्यांना चोरून डांबरावर धावत होतो. मी खोटं बोललो. काल जिंकलो ते त्यांच्याच सांगण्यानं."

शेठजींच्या हातातला पेढा तसाच राहिला. देवरावजी म्हणाले, "मले मालूम होतं गा. नवा बूट पंधरा दिवसांत इतका झिजते का? तुया बुटानं तवाच सांगतलं."

"मग बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"धागा तुटला का इणकर बोंबलत बसते का? गाठ मारते, पुढं इणते." मग चपलेकडे बघत हळूच म्हणाले, "तेल बी पडून हाये घरी. खराब होऊन राहिलं."

मागे सरसर आवाज झाला. लोक गादीखालून आपापल्या चपला काढून खाली ओळीनं मांडत होते, तळ वर करून. शेठजींची मोजडीही त्यात होती.

मी देवरावजींच्या चपला त्यांच्या पायांशी ठेवल्या, दोन्ही, जोडीनं, जसे त्यांनी माझे बूट ठेवले होते तशा. आणि पायांना हात लावून म्हणालो, "देवरावजी, चुकलो. मला माफ करा."