आधी उत्तरार्ध

“रंगमंचावर गोष्ट क्रमानं घडते, कॅमेऱ्यापुढे सोयीनं,” असं गंगाधर सरांनी वर्गात सांगितलं, तेव्हा दिग्विजयने मान डोलावली होती. त्या मानेवरचं डोकंच भादरलं जाणार आहे, हे त्याला कुठे ठाऊक होतं?

सोलापुरातल्या नाट्यविभागाची ती परीक्षेची फिल्म होती आणि नायक होता दिग्विजय. नायकाचा बाप मध्यंतरात मरतो आणि उत्तरार्धात नायक मुंडण करून वावरतो. स्मशानात शूटिंगची परवानगी मिळाली नेमकी आधीच्या तारखांची. म्हणून सरांनी उत्तरार्ध आधी घेतला.

“सर, टक्कल चिकटवता नाही येणार?”

“क्लोजअपमध्ये कळतं. बस खाली.”

न्हाव्याने डोकं आणि मिशी, दोन्ही साफ केली.

शूटिंग संपवून दिग्विजय गावी, केमच्या स्टेशनवर उतरला, तेव्हा डोक्याला टोपी होती. मिशीच्या जागेला टोपी कुठून आणणार? त्याने हुंदका दाबावा तसा तोंडाला रुमाल लावला आणि तिथेच घात झाला. चहावाल्या शिवकुमारला एवढंच माहीत होतं, की याचे वडील रावजी सोलापूरला दवाखान्यात आहेत. वास्तविक डॉक्टरांनी “आता घरीच न्या” असं सांगून त्यांना आदल्या दिवशी परत पाठवलं होतं, आणि ते बरं झाल्याचं लक्षण आहे असं घरात ठरलं होतं.

“शिवादादा, ऐक की—”

“बोलू नगंस. कळलं मला,” म्हणत शिवकुमारने त्याला मिठी मारली आणि गिऱ्हाइकातल्या एकाला मोटारसायकलवरून निरोप द्यायला पिटाळलं.

दिग्विजय घरी पोचला, तर निरोप ऐकून गळा काढत आलेल्या बायका अंगणात बसलेल्या आणि समोर बाजेवर रावजी दुधात भाकरी कुस्करून खात होते.

“बाप जित्ता असताना मिशी काढलीस व्हय रं?”

“आबा, सिनेमात माझा बाप मेलाय.”

रावजींनी थोडा विचार केला. “मग, रडलास का त्यात?”

“रडलो की! ग्लिसरीन घातलं डोळ्यात.”

“म्हंजी काय?” आईने, वच्छलाबाईंनी विचारलं.

“औषध असतंय. पाणी येतंय त्यानं.”

रावजींनी वाटी खाली ठेवली. मिशीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं. “बापासाठी औषध लागतंय तुला?”

“सर म्हणतात, आपलं जुनं दुःख आठवायचं. मला आठवलंच नाही काही. तुमी दिलंच न्हाय आबा.”

पण रावजी अडून बसले. आडवे झाले आणि चादर तोंडावर ओढून म्हणाले, “मेलो मी. आता औषधाबिगर रड.”

बायका उत्सुकतेने सरकून बसल्या. दिग्विजयने टोपी काढली आणि शिकवलेलं सगळं केलं. श्वास संथ केला, जबडा सैल सोडला, पापणी न हलवता उजेडाकडे पाहिलं. फक्त ओठ थरथरले.

तेवढ्यात धाकटा चुलता तात्याबा रानातून अनवाणी धावत आला. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. त्याने पुतण्याचं डोकं पाहिलं, चादर पाहिली आणि बाजेवर पडून हंबरडा फोडला.

“दादा! आरं माझी पाळी बी तूच घे की रं! सगळं पाणी घे!”

चादर हलली.

“बघ,” रावजी आतून मुलाला म्हणाले, “ह्याला म्हणत्यात रडणं.”

तात्याबा दचकून मागे कोलमडला. रावजी उठून बसले. “पाण्याचं बोललास त्ये समद्यांनी ऐकलंय बरं का.”

तात्याबाने नाक पुसलं, धोतर झटकलं. “त्ये तू मेल्यावरचं हाय.”

अंगणात हशा पिकला. रावजीही हसले, मग बराच वेळ खोकले.

“मग लई थांबाया लागायचं न्हाय तुला,” ते सहज म्हणाले. “डागदरांनी सांगितलंय मला.”

रावजी पुन्हा आडवे झाले आणि चादर ओढून घेतली. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतके ते वाळले होते. दिग्विजयने हे आज प्रथमच नीट पाहिलं. त्याला हुंदका फुटला. तो आवरता आवरेना.

“अवं, उठा की,” वच्छलाबाई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या. “पोरगं रडतंय.”

“रडू दे,” चादरीतून आवाज आला. “येवढं ऐकून तरी जातो.”