आहेर काकांची एकच कमांड

आहेर काका कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी कॉम्प्युटरवर कोणती सिस्टीम आहे, हे विचारत. उत्तर 'विकतची' असे आले, तर या घरात कुणीतरी पितो हे कळल्यासारखा चेहरा करत.

दोन हजार सालानंतर सिडकोतल्या आमच्या कॉलनीत घरोघरी कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग काका आले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पिशवीत लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमच्या सीड्या. विकतची सिस्टीम म्हणजे कुलूपबंद घर, चावी मालकाकडे, असे ते सांगत. कॉलनीत ती विकतची सिस्टीम कुणीच विकत घेतलेली नव्हती, ही बाब त्यांच्या लेखी गौण होती.

आमच्याकडे ते एका रविवारी मिसळ खाऊन लिनक्स बसवायला बसले. इंटरनेटचे मोडेम चालेना. "सोपं आहे, एकच कमांड," काका म्हणाले. ती कमांड दिवेलागणीपर्यंत चालली. मोडेम सुरू झाले, प्रिंटर बंद पडला. पुढच्या रविवारी प्रिंटर सुरू झाला, आवाज गेला.

"काका, आधी सगळं चालत होतं ना?" माझ्या पत्नीने विचारले.

"चालत होतं. पण कसं, ते तुम्हाला कळत नव्हतं."

आता चालत नव्हते, आणि कसे, ते तरीही कळत नव्हते.

हळूहळू शेजाऱ्यांनी जुनी सिस्टीम परत टाकून घेतली. काकांना बोलावणी येईनाशी झाली. आमच्याकडे काही रविवारांनंतर आवाजही परत आला आणि लिनक्स राहिले, ते निव्वळ आळसामुळे.

मग एका रविवारी काका न बोलावता आले. मोडेम, प्रिंटर, आवाज, सगळे तपासले. सगळे चालत होते. "चांगलं चाललंय," ते म्हणाले आणि सांत्वनाला आल्यासारखे बसून राहिले.

चहा घेताना त्यांनी सांगितले, पुण्याच्या मुलाने लॅपटॉप पाठवलाय. विकतच्या सिस्टीमचा.

"म्हणतो, बाबा, यात काही करावंच लागत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मग मी काय करायचं?"

पत्नीने त्यांचा कप पुन्हा भरला. थोड्या वेळाने काकांनी पिशवीतून सीडी काढली. "नवी आवृत्ती आलीय. टाकू का?"

मी नको म्हणणार होतो. पत्नीने माझ्याकडे पाहिलेच नाही. "टाका," ती म्हणाली. "आणि जेवूनच जा."

सोमवारी आवाज गेलेला होता. पत्नीने काकांना फोन लावला आणि रविवारी जमेल का, असे विचारले. पलीकडचे बोलणे मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आले.

"सोपं आहे. एकच कमांड."