आईचे बूट आणि साठ संशयित

उत्तर ग्रीनलँडच्या आमच्या किनाऱ्यावर तल्लख बुद्धीची माणसं दोनच. त्यातला एक मी, पाविआ. दुसऱ्याचं नाव अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

पोटापाण्यासाठी मी शिकारी असलो तरी पिंड गुप्तहेराचा. बर्फातला नुसता ठसा पाहून मी अस्वलाचं वय, वजन आणि मनःस्थिती सांगतो. एकदा एका म्हाताऱ्या, जाड्या, चिडलेल्या अस्वलाचा माग काढत मी डोंगराच्या पलीकडे गेलो आणि खडकामागून झेप घेतली, तर त्या आमच्या पाद्रीबाई निघाल्या. पण वय, वजन आणि मनःस्थिती तिन्ही बरोबर होती, हे कुणी लक्षात घेत नाही.

उन्हाळ्यात आमच्या वस्त्या पाहायला एक छोटं जहाज येतं, साठ उतारूंचं. ते मला कामावर घेतं. उतारू किनाऱ्यावर उतरले की मी बंदूक घेऊन उंचावर उभा राहतो आणि अस्वल कुणाला खात नाही ना, ते पाहतो. आजवर एकही उतारू खाल्ला गेलेला नाही. माझा मदतनीस म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एनॉक. तो मला दाजी म्हणतो, पण ते म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही असतं त्याला आदर म्हणता येणार नाही.

आता माझ्या आईविषयी. माझी आई सहा वर्षांची आहे.

म्हणजे झालं असं, की आमची आई बिबियाने वारली आणि त्याच महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीला, हान्सिग्नेताईला, नात झाली. नाव अर्थातच बिबियाने ठेवलं. नाव आलं म्हणजे माणूस परत आलं. तेव्हापासून ती पोरगी माझी आणि ताईची आई, आणि आम्ही दोघं तिची लेकरं. वस्तीत यावरून कधी कुणाचा गोंधळ उडत नाही. जहाजावरच्या लोकांना समजावताना मात्र रेघा काढून दाखवाव्या लागतात.

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी आई पहिल्यांदा शाळेत जाणार होती. आमच्याकडे शाळेचा पहिला दिवस म्हणजे अख्खी वस्ती दारात. पोरांनी पूर्वापार पोशाख घालायचा, गळ्यात मण्यांचा रुंद पट्टा, पायात सीलच्या कातड्याचे शिवलेले बूट, म्हणजे कामिक. ताईने आईचे कामिक सबंध हिवाळाभर शिवले होते. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत. हे शेवटचे, यापुढे सुई धरवणार नाही, असं तिनेच सांगितलं होतं. आणि आईला मागच्या आयुष्यात शाळा मिळालीच नव्हती, तेव्हा इथे शाळाच नव्हती. म्हणून हे बूट साधेसुधे नव्हते.

त्या दुपारी जहाज आलं आणि ताईने उतारूंना कॉफीला बोलावलं. तुकड्यातुकड्यांनी सगळे आले, दारात बूट काढून मोज्यांवर आत बसले. घरात एवढं उकडायला लागलं की खिडक्या घामेजल्या. भाच्याने सकाळीच नार्व्हाल, म्हणजे लांब सुळ्याचा देवमासा, मारला होता, त्यामुळे मत्ताकची ताटं फिरत होती. मत्ताक म्हणजे चरबीसकट त्याचं कातडं, कच्चं, चौकोनी कापलेलं. आमच्याकडे मुलं त्यासाठी भांडतात. उतारूंनी तोंडात टाकून "वा, वा!" केलं, काहींनी पुन्हा मागून घेतलं. ताई हरखून गेली.

निघताना मी दारातल्या पडवीतून माझी पिशवी उचलली. शिकार झाली की भावकीचे वाटे पिशव्यांत भरून पडवीत ठेवलेले असतात. आपला वाटा मुकाट्याने न्यायचा, विचारत बसायचं नाही, आणि उघडून तर मुळीच बघायचं नाही. बघितलं तर देणाऱ्याचं माप काढल्यासारखं होतं. पिशवी जरा हलकी लागली. ताईचा हात आखडता झालाय, असं मी मनात म्हणालो, पिशवी घरी नेऊन फ्रीझरच्या तळाशी कोंबली आणि जहाजावर गेलो. एवढ्या बारीकसारीक गोष्टी सांगतो आहे, त्या माझी निरीक्षणशक्ती तुमच्या ध्यानात यावी म्हणून.

संध्याकाळी जहाज पुढच्या वस्तीकडे निघालं होतं. मी दिवाणखान्यात उतारूंना अस्वलांविषयी चार शब्द सांगत होतो, तेवढ्यात माझ्या कमरेचा रेडिओ खरखरला. आमचा रेडिओ म्हणजे चावडी. एक बोलतो, किनारा ऐकतो.

"पाविआ! अरे, आईचे कामिक गेले!" ताईचा आवाज रडवेला होता.

"गेले म्हणजे? कुठे ठेवले होतेस?"

"आत उकाड्याने कातडं वाळेल म्हणून पिशवीत घालून पडवीत ठेवले होते, गारव्याला. आता बघते तर पिशवीच नाही. उद्या पोरीला घालू काय?"

"पडवीत," मी शांतपणे म्हणालो. "म्हणजे येता-जाता कुणीही उचलू शकतं. ताई, आपल्यातलं माणूस असं करणार नाही. हे बाहेरच्याचं काम आहे."

मग एक बारीक आवाज आला. "पोरा, तू जहाजावर आहेस ना?"

"हो, आई."

"मग शोध. आणि टोपी घाल."

मी टोपी घातली आणि तपास सुरू केला. उतारूंची म्होरकी रग्नहिल, नॉर्वेची. तिला मी दारं बंद करायला सांगितलं. ती म्हणाली की दिवाणखान्याला दारं नाहीत. मी म्हणालो, मग उघडी ठेव.

पहिल्यांदा मी बुटांची खोली तपासली. जहाज सगळ्यांना एकसारखे रबरी बूट देतं. साठ जोड, रंग एक, वास एक.

"एनॉक, इथेच हेतू सापडला. रोज हे असले बूट घालणाऱ्याला शिवलेल्या कामिकचा मोह होणारच."

"दाजी, ते सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचे आहेत."

"म्हणजेच चोराचे पाय लहान आहेत!"

एनॉकने माझ्याकडे बघितलं आणि मोजायची दोरी आणायला गेला. बिचाऱ्याला एवढी शिस्त मीच लावली आहे.

आम्ही साठ जणांचे पाय मोजले. काहींना वाटलं की हा आमचा जुना रिवाज आहे, त्यांनी फोटो काढून घेतले. मधल्या वेळात मी लिंडक्विस्ट नावाच्या उंच स्वीडिश माणसाला बाजूला घेतलं, कारण त्याने ताईला तीनदा विचारलं होतं की कातड्याला टाका दिसू न देता कसा घालतात. टोळीचा म्होरक्या, मी ताडलं. तो निवृत्त शल्यविशारद निघाला. टाक्यांची त्याला हौस असणारच. मग मी एनॉकवर संशय घेऊन पाहिला.

"दाजी, मी कॉफीच्या वेळी कुठे होतो?"

"कुठे होतास?"

"तुमच्या जागी, टेकडीवर. तुम्ही मत्ताक खायला गेला होतात ना!"

तो धागा मी तिथेच सोडला.

शेवटी सगळ्यांत लहान पाय सापडले. टास्मानियाच्या प्रिचर्डबाई, ऐंशीच्या घरातल्या, चिमणीएवढ्या. त्यांच्या स्कर्टवर सीलचे केस होते. आणि मांडीवर एक कापडी पिशवी होती, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"सीलचे केस!" मी गरजलो.

"तुमच्याही बुडाला आहेत," एनॉक म्हणाला. "ताईच्या बाकावरच्या कातड्यावर सगळेच बसले होते."

"पिशवीत काय आहे, बाई?"

रग्नहिलने भाषांतर केलं. प्रिचर्डबाई लालेलाल झाल्या. म्हणाल्या, खाजगी आहे.

मग मी बोललो. माझी सहा वर्षांची आई उद्या शाळेच्या दारात अनवाणी उभी राहील, मागच्या आयुष्यात तिला अक्षर ओळखता आलं नाही, आणि माझी म्हातारी बहीण, जी तिची मुलगीही आहे आणि आजीही, तिच्या हातचं हे शेवटचं शिवण आहे.

रग्नहिल थबकली. "पाविआ, हे मी कसं सांगू?"

"आहे तसं सांग."

तिने सांगितलं. प्रिचर्डबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पिशवीत हात घातला, कागदी रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर उलगडली.

आत मत्ताकचे दोन चौकोन होते.

"माझे दात खोटे आहेत," त्या पुटपुटल्या. "चावेना, गिळेना. पण तुमच्या बहीणबाई इतक्या प्रेमाने वाढत होत्या. त्यांच्या तोंडावर कशी टाकून देणार?"

मी काही बोलायच्या आत लिंडक्विस्ट उठला आणि त्याने कोटाच्या खिशातून एक चौकोन काढून टेबलावर ठेवला. मग एक जर्मन जोडपं आलं. मग खिडकीपाशी बसलेले सगळे. कुणी चष्म्याच्या डबीतून काढला, कुणी मोज्यातून. ज्यांनी "वा, वा!" करून पुन्हा मागून घेतलं होतं त्यांनी दोन-दोन काढले. टेबलावर ढीग झाला. सगळ्यांत शेवटी रग्नहिल माझ्याकडे न बघता पुढे झाली. ती आमच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं येते आहे, आणि दर वेळी ताईला पाककृती विचारते.

"ताईंना सांगू नका," सगळे एका सुरात म्हणाले.

एनॉकने खुर्ची ओढली, चाकू काढला आणि पुरावा खायला बसला.

आता एकच उपाय उरला होता. कप्तानाला गाठून जहाज मागे वळवायचं आणि वस्तीतला कानाकोपरा धुंडाळायचा. मी वर गेलो आणि टोपी काढून मघाचंच भाषण आणखी रंगवून केलं. कप्तानाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं?" तो म्हणाला. "पुढे खाडीत बर्फ भरलाय. आपण केव्हाच वळलोय, पाविआ. उद्या सकाळी तुमच्याच दारात."

मी खिडकीबाहेर पाहिलं. डोंगर खरोखरच दुसऱ्या बाजूला गेले होते. ते माझ्या नजरेतून कसे निसटले याचा तपास मी अजून करतो आहे.

खाली आलो तर रेडिओवर माझी बायको होती. तबिथा फार बोलत नाही, म्हणून ती बोलायला लागली की किनारा हातातलं काम सोडून ऐकतो.

"पाविआ, जहाज परत येतंय म्हणे. उद्या शाळेनंतर सगळी मंडळी कॉफीला असणार, म्हणून मी फ्रीझर उपसला. तळाशी पिवळी पिशवी कुणी ठेवली?"

"मीच. ताईकडचा वाटा."

"उघडून पाहिलीस?"

"वाटा कधी कुणी उघडून बघतं का?"

"मग ऐक. या खेपेला आपल्या वाट्याला दोन पाय आलेत. पांढरे, वर लाल नक्षी. सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचे."

मग खाली दक्षिणेकडच्या कुठल्यातरी होडीतून एक आवाज आला, "पाविआ, मला त्यातला उजवा चालेल." मग दुसऱ्याने विचारलं, रस्सा करणार की वाळवणार? त्यानंतर किनारा बराच वेळ हसत होता. ताई हसता हसता रडत होती की रडता रडता हसत होती, ते मला कळलं नाही.

शेवटी तो बारीक आवाज आला. "पोरा, तू माझे बूट खाणार होतास?"

"नाही गं, आई."

"टोपी घातलीस?"

मी टोपी घातली. साठ जोडी डोळे माझ्याकडे लागले होते. मी रग्नहिलला म्हणालो, "त्यांना सांग, तपास पूर्ण झाला. गुन्हेगार जहाजावरच आहे."

"दाजी," एनॉक चाकू पुसत म्हणाला, "हात पुढे करा."

मी प्रिचर्डबाईंची माफी मागितली. त्यांनी माझा हात थोपटला आणि उरलेला चौकोनही मलाच देऊन टाकला.

सकाळी कामिक लाकडासारखे कडक झाले होते, उंबऱ्यावर कुणाच्याही आधाराशिवाय उभे राहत होते. ताई ते काखेत धरून ऊब देत बसली होती. गारठ्याने कातड्याला काहीच झालं नव्हतं, उलट छान राहिलं होतं. म्हणजे मी ते जपूनच ठेवले होते, असं म्हणायला मी तोंड उघडलं, ताईचा चेहरा पाहिला आणि मिटलं. एनॉकने शाळेनंतरच्या कॉफीसाठी मोठ्या खिशांचा कोट घातला होता, उतारूंची सोय म्हणून.

उतारू एकसारखी जाकिटं घालून शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उभे होते. मधून आई माझं बोट धरून चालली होती. कामिक अजून पुरते वाकत नव्हते, त्यामुळे ती ताठ, टाचा आपटत चालत होती.

मी शाळेत जायच्या वयाचा झालो तेव्हा आईने मला होडीतून शेजारच्या मोठ्या वस्तीत नेलं होतं. मास्तरांनी कितीदा आत बोलावलं, पण ती काही आत आली नाही. शाळा सुटेपर्यंत बाहेर उभी राहिली. कुणी विचारलं की म्हणायची, अस्वल येतंय का बघते. ही गोष्ट मी एवढ्या वर्षांत विसरलो होतो असं नाही, पण त्या सकाळी ती सबंध वाटभर माझ्याबरोबर चालली.

दारापाशी आईने माझं बोट सोडलं. "आता तू घरी जा, पोरा."

"मी थांबतो इथेच."

"का?"

मी टोपी सरळ केली. तिने मला नीट न्याहाळलं. आमच्या घरात खरी नजर कुणाची आहे, ते तेव्हा मला कळलं.

"बरं, थांब," ती म्हणाली. "पण रडायचं नाही. मी शिकून येते आणि मग तुला सांगते."

ती आत गेली. फरशीवर कामिकची टकटक बराच वेळ ऐकू येत होती. मग ताई आली, तबिथा आली, मला कॉफीला चल म्हणाल्या. इथे एकटा काय करतोस, असं तबिथाने विचारलं. मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि तिथेच उभा राहिलो. अस्वल येतंय का, ते कुणीतरी बघायला हवंच होतं.