तासभर नळ बंद

आजोबांच्या डोक्यावर साबणाचा फेस.

आईचे हात मनगटापर्यंत पिठात.

फ्लशच्या टाकीत चित्रकलेच्या पेटीतला निळा रंग.

फोनमध्ये मामांचा नंबर. लावायचा नाही.

या सगळ्याचं मूळ ताईच्या शाळेतून आलेल्या तक्त्यात होतं: ‘घरातली गळती शोधा. तासभर नळ बंद ठेवून मीटर पाहा. चाक फिरलं, तर गळती आहे.’

बाबा वजनमापे निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासण्यात हयात गेलेली. त्यातून मागच्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त करून त्यांनी प्लंबर मेहुण्याला सुनावलं होतं, “आता या घरात थेंब जरी गळला, तर मी तुझा चेला होईन!”

दहाला नळ बंद झाले. ताई निळं पाणी उतरतंय का ते बघत संडासात बसली. जिन्याखाली दोन मीटर होते. त्यातल्या एकासमोर बाबांनी धाकट्याला बसवलं.

“बाबा, फिरतंय!”

“नीट बघ.”

“नीटच बघतोय. गरगर फिरतंय!”

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी भिंतींना कान लावले, नळांखाली वर्तमानपत्रं पसरली. सगळं कोरडं ठणठणीत. निळ्याचाही पत्ता नाही.

“अहो, माझ्या भावाला बोलवा ना,” आई म्हणाली.

“त्याला कशाला? मुख्य कॉकच बंद करतो.”

गॅलरीतला कॉक त्यांनी आवळला. खालून आवाज आला, “अजून फिरतंय!”

“म्हणजे कॉक नीट बसत नाहीये. ताई, पाना आण!”

“मी असाच वाळू का रे?” बाथरूममधून आजोबा.

“दोन मिनिटं, आप्पा!”

बाबांनी पाना लावला, होतं नव्हतं ते बळ काढलं आणि कॉकची मान त्यांच्या हातात आली. पाणी थेट छताला. टॉवेल गुंडाळून आजोबा बाहेर आले, कारंज्याखाली उभे राहिले आणि शांतपणे डोकं चोळू लागले. “आलं एकदाचं!”

खालून धाकटा ओरडला, “बाबा, आता बाजूचंही फिरायला लागलं!”

नंबर लावावा लागला. मामा आले, त्यांनी खालून पाणी तोडलं आणि दोन्ही मीटर निरखले.

“दाजी, पोराला कुठल्या मीटरसमोर बसवलं होतंत?”

“या डाव्या.”

“डावा वरच्यांचा. तुमचा उजवा. तुम्ही पाना लावेपर्यंत बिचारा ढिम्म होता.”

बाबा भिजलेल्या शर्टाची बटणं बघत राहिले.

“असू द्या,” मामा म्हणाले. “चला, चेला, पिशवी उचला.”

ताईने तक्ता भरला. गळती कुठे आहे? गॅलरीत. कधीपासून? पावणेअकरापासून. कोणी शोधली? इथे तिने बराच वेळ पेन्सिल चावली आणि ‘बाबांनी’ असं लिहिलं.

वरच्या काकूंनी वॉशिंग मशीन दहाला पाच मिनिटं कमी असताना लावलं होतं.