ऐंशी खुर्च्यांची मैत्री

हॉल हातचा गेला, हे टाबिताला गावातल्या दुकानात पिठाची पिशवी उचलताना कळलं.

"शनिवारी अमेरिकन वकिलातीला दिलाय," एंगुट म्हणाला. नगरपालिकेच्या हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. "मैत्रीचं काफेमिक करणार आहेत म्हणे."

"शनिवारी आईला ऐंशी पूर्ण होतायत! जानेवारीतच सांगितलं होतं तुला."

"तू सांगितलंस. त्यांनी अर्ज केला."

वाढदिवसाला दार उघडं ठेवून येईल त्याला कॉफी आणि केक, हे ग्रीनलंडमधलं काफेमिक. टाबिताचं घर दोन खोल्यांचं. आईची ऐंशी वर्षं तिथे कोंबायची? रागाच्या भरात तिने दुकानाच्या फळ्यावर 'सगळ्यांनी या' असं लिहून टाकलं. शेजारीच वकिलातीचं गुळगुळीत पत्रक होतं. नाव आधी नोंदवावे, ओळखपत्र आणावे, दोन ते सहा उपस्थित राहावे. कॉफी प्यायला ओळखपत्र लागतं, ही माहिती गावाला नवी होती.

शनिवारी अडीचलाच टाबिताचे कप संपले. तीनला शेजाऱ्यांचेही संपले. दारातल्या बुटांच्या ढिगातून कुणीतरी पाद्रीबुवांचे बूट घालून गेलं, म्हणून पाद्रीबुवा घरातच अडकले आणि तिसऱ्यांदा केक खाऊ लागले. रांग मासळीच्या कारखान्यापर्यंत पोचली होती. बाहेर उणे अकरा. टाबिताला रडू फुटायचंच बाकी होतं.

टाबिताची आई, म्हणजे गावाच्या आबेलोने आजी, मात्र सोफ्यावर निवांत होत्या. "लहानपणी लष्करी तळावरचे अमेरिकन शिपाई आम्हाला संत्री द्यायचे," त्या सांगत होत्या. "भले लोक. न विचारता द्यायचे."

"आणि आता?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"आता न विचारता मागतात."

तेवढ्यात एंगुट वकिलातीच्या प्रेस्कॉट साहेबांना घेऊन आला. हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या, बारा केक आणि एकटा एंगुट होता, तोही किल्ल्यांमुळे. साहेबांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"आजी, सगळ्यांना घेऊन आमच्या हॉलमध्ये येता का?"

आजींनी भुवया उंचावल्या. ग्रीनलंडमध्ये याचा अर्थ 'हो'. साहेबांना वाटलं, आजी चकित झाल्या.

"झेंड्यांमुळे अवघडल्यासारखं होत असेल, तर काढतो झेंडे."

आजींनी पुन्हा भुवया उंचावल्या.

"बरं, फलकही काढतो. नाव तुमचं लावू."

भुवया आणखी वर.

साहेबांना घाम फुटला. "माझं भाषण रद्द! शब्द देतो."

"शब्द राहू द्या," रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आधी झेंडे काढायला शिडीवर चढा!" सगळी रांग हसली.

टाबिताने तोंड उघडलं, तर एंगुटने तिला कोपराने ढोसलं. "गप्प बस," तो पुटपुटला. "अजून केक द्यायचे राहिलेत."

"केकही तुमचेच!" साहेब म्हणाले. "आता तरी हो म्हणा!"

"मघापासून काय करतेय मी?" आजी उठल्या. "कोट दे गं माझा."

साडेतीनला झेंडे उतरले. चारला हॉल भरला. खाडीपलीकडच्या वस्तीवरून दोन बोटी आल्या. टाबिताने आईला मधोमध बसवलं आणि गाणं सुरू झालं, तेव्हा तिला दिवसभरात पहिल्यांदा बसावंसं वाटलं. एंगुटने आपण होऊन कप विसळायला घेतले. कुणाचाही अर्ज नसताना.

प्रेस्कॉट साहेब आजींशेजारी बसले होते. केकचे तीन तुकडे संपवून त्यांनी घसा खाकरला. "आजी, आपल्या दोन देशांची ही जुनी मैत्री..."

आजींनी त्यांच्या हातावर थोपटलं. अगदी मायेने.

"पोट भरलं ना, बाळा? मग ऊठ आता. बाहेर लोक थंडीत उभे आहेत."

आणि अमेरिकेने भाड्याने घेतलेल्या हॉलमधली आपली खुर्ची सोडून प्रेस्कॉट साहेब मुकाट्याने बूट शोधायला गेले.